अलकापुरीतली म्युच्युअल फंड इंटर्नशिप: घ्यावी, पण काम विचारून

वडोदऱ्याच्या सयाजीराव विद्यापीठातल्या कॉमर्सच्या मुलांना तिथल्याच अलकापुरीतल्या म्युच्युअल फंड वितरकांकडे (फंड विकणाऱ्या एजंटांकडे) मिळणारी ही इंटर्नशिप उपयोगाची आहे, मात्र बॅक ऑफिसचं, म्हणजे अर्ज आणि कागदपत्रं हाताळायचं, काम मिळालं तरच. अर्ज का परत येतो, हे तिथेच नीट कळतं: पॅन आणि आधारवरचं नाव वेगळं, केवायसी अडकलेली, एसआयपीच्या (दरमहा ठरावीक गुंतवणुकीच्या) मॅन्डेटवरची, म्हणजे खात्यातून पैसे कापायच्या परवानगीवरची, सही बँकेतल्या सहीशी न जुळणारी. इक्विटी फंडाचा अर्ज दुपारी 3च्या आत दिला, पण पैसे फंडाच्या खात्यात तोवर पोचले नाहीत, तर त्या दिवसाची एनएव्ही, म्हणजे युनिटचा भाव, मिळत नाही. ग्राहक नेमका यावरूनच भांडतो.

नातेवाइकांच्या एसआयपी आणायला लावणारी जागा सरळ नाकारा. प्रमाणपत्र आणि ईयूआयएन (फंड विकणाऱ्या व्यक्तीचा ओळख क्रमांक) नसताना फंड विकायला लावणं नियमातच बसत नाही.

या प्रमाणपत्रासाठीची एनआयएसएमची (सेबीच्या प्रशिक्षण संस्थेची) सिरीज व्ही-ए परीक्षा सोबतच द्या: 100 प्रश्न, 2 तास, पास व्हायला 50 टक्के, प्रमाणपत्र 3 वर्षं चालतं. वितरण, ऑपरेशन्स, बँकेतला वेल्थ विभाग इथे हा अनुभव मोजला जातो. रिसर्चच्या नोकरीला एवढा पुरत नाही. त्यासाठी एक्सेलमध्ये 3 वर्षांचे रोलिंग रिटर्न (सुरुवातीची तारीख पुढे सरकवत दर वेळी मोजलेला 3 वर्षांचा परतावा) स्वतः काढता यायला हवेत.