फ्रीबीएमडी : आडनावामागचं बुडालेलं गाव

इंग्लंडमध्ये यॉर्कशायर परगण्यातल्या लीड्सला मुलीकडे आलो की शेजारच्या आजींशी कुंपणावरून गप्पा होतात. त्यांचं आडनाव थॅक्रे. ऐकल्याबरोबर आपल्याला ठाकरेच आठवणार. प्रबोधनकारांनी आपल्या आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग कादंबरीकार थॅकरे यांच्यावरून घेतलं असं सांगतात, पण नातं तेवढंच, रोमन लिपीपुरतं. हे आडनाव पक्कं यॉर्कशायरचं. नवव्या शतकात इथे वसलेल्या नॉर्स लोकांच्या भाषेत 'थाक' म्हणजे छप्पर शाकारायचं गवत, 'व्रा' म्हणजे कोपरा.

आजींना त्यांच्या आजोबांचा जन्म कुठला ते शोधायचं होतं. एका संकेतस्थळावर त्यांनी पैसे भरले होते, हाती आला तो कुणीतरी अंदाजाने जुळवलेला वंशवृक्ष. मी त्यांना फ्रीबीएमडी या संकेतस्थळावर नेलं. बीएमडी म्हणजे बर्थ, मॅरेज, डेथ. फुकट आहे, शोधायला खातंही उघडावं लागत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये १ जुलै १८३७ पासून जन्म, लग्न, मृत्यूची सरकारी नोंद सुरू झाली, तिची सूची स्वयंसेवकांनी ओळ न् ओळ टंकून ठेवली आहे. स्कॉटलंड त्यात नाही.

आडनाव टाकताना उच्चारावरून शोधायच्या चौकटीत खूण करायला विसरू नका. थॅक्रे, थॅकरे, थॅक्रा अशी एकाच नावाची किती तरी स्पेलिंगं आहेत. यादी उघडली तर यॉर्कशायरचेच जिल्हे, त्यात लीड्स पुन्हा पुन्हा. आजोबा १८८४च्या मार्च तिमाहीत, म्हणजे जानेवारी ते मार्चच्या नोंदींत, सापडले, आणि लग्नाच्या नोंदीत त्यांच्याच नावात एक 'ई' जास्त! आजी पडद्यावर बोट ठेवून ती दोन्ही स्पेलिंगं कितीतरी वेळ वाचत होत्या.

इथे दाखला मिळत नाही, फक्त खंड आणि पान क्रमांक मिळतो, त्यावरून सरकारी कार्यालयातून दाखला मागवायचा. आईचं माहेरचं आडनाव जन्माच्या सूचीत १९११च्या सप्टेंबर तिमाहीपासूनच आहे. त्याआधीची माणसं शोधायची तर चिकाटी हवी.

आपल्याकडे गावाला 'कर' लागून आडनाव होतं, त्यांच्याकडे गावाचं नाव तसंच आडनाव होतं. थॅक्रे नावाची वस्ती वॉशबर्न नदीच्या खोऱ्यात होती. लीड्सला पाणी द्यायला १८७९ मध्ये फ्यूस्टनचं धरण पुरं झालं आणि ती त्याच्या पोटात गेली. हे वाचून मी गप्पच झालो. माझं आडनाव ज्या गावावरून पडलं, ते कोयनेच्या शिवसागरात आहे.

रविवारी मुलीच्या गाडीतून आम्ही फ्यूस्टनला गेलो. पाणी काठोकाठ होतं. आजी म्हणाल्या, "तुझ्या गावाचं नाव सांग, हळू म्हण." मी तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा त्यांना बरोबर जमलं.