पात्रित्सिया कावाल्ली, इंग्रजी-इटालियन निवड: काही महिने वापरल्यावर

इटालियन कवयित्री पात्रित्सिया कावाल्लीच्या कवितांची, जीनी अल्हादेफने संपादित केलेली २०१३ ची निवड. डावी-उजवी पानं, मूळ आणि इंग्रजी समोरासमोर. सुरुवातीला वैताग येतो तो अनुवादकांच्या गर्दीचा. मार्क स्ट्रँड, जोरी ग्रॅहम हे अमेरिकन कवी आणि आणखी कितीतरी. पैसे एका कवयित्रीचे मोजायचे आणि हाती कविसंमेलन!

पण खरी उणीव ओळीतली अक्षरं मोजण्याची आहे. कावाल्ली (तोदी १९४७, रोम २०२२) बोलल्यासारखं लिहिते, म्हणून तिला सर्रास मुक्तछंदात ढकलतात, आणि इंग्रजी पानं तो समज पक्का करतात. मुळात तिच्या कितीतरी ओळी ११ किंवा ७ अक्षरांच्या (इथे अक्षर म्हणजे एका स्वराभोवतीचा उच्चाराचा तुकडा, लिहिलेलं अक्षर नव्हे). ११ म्हणजे थेट मध्ययुगीन इटालियन महाकवी दान्तेचं माप. १९७४ च्या पहिल्या संग्रहाच्या नावातला तुकडा घ्या: नोन-काम-ब्ये-रान-नोइल-मोन-दो (‘जग बदलणार नाहीत’). बरोबर ७.

प्रत्येक शब्दाचे तुकडे सुटे मोजायला गेलात तर इथे ८ भरतात. कारण ‘काम्ब्येरान्नो’चा शेवटचा ओ आणि ‘इल’चा इ शेजारी आले की दोन्ही मिळून एकच धरायचे. ‘इओ’ (मी), ‘मिओ’ (माझा) ओळीच्या मध्ये एक अक्षर, ओळीअखेर दोन. शेवटचा शब्द ‘सी’सारखा (हो) आघातावरच, म्हणजे जोर दिलेल्या अक्षरावरच, संपला तर एक वाढवायचं. थोडक्यात, ७ च्या ओळीत अखेरचा आघात सहाव्यावर, ११ च्या ओळीत दहाव्यावर. तो सापडला की बाकीचं जुळतं. आणि ‘रान्नो’तला न दाबून म्हणा, नाहीतर ठेका सांडतो.

एवढं जमल्यावर त्या गर्दीबद्दलचं मत बदललं. कुणी अर्थ धरतो, कुणी ठेका. कुणाच्या हातून काय निसटलं ते मूळ मोजलं की लगेच कळतं. एकाच अनुवादकाची सवय लागली असती तर हे दिसलंच नसतं. शिवाय कावाल्लीबाईंनी शेक्सपिअर रंगमंचासाठी इटालियनमध्ये आणलेला, त्यामुळे ओळ मोठ्याने म्हणूनच तपासावी.

ई-बुकच्या नादी लागू नका. समोरासमोरची पानं जातात, अक्षर मोठं केलं की ओळ मध्येच मोडते, मग मोजणार काय? बहुतेक कवितांना शीर्षक नाही. पहिल्या ओळींची यादी पेन्सिलीने मागच्या कोऱ्या पानावर करून ठेवा.

तिचा २०२० चा संग्रह ‘वीता मेराविल्योझा’ यात अर्थातच नाही. तो एइनाउदी या इटालियन प्रकाशनाचा, नुसता इटालियन. त्याचा खर्च वेगळा धरा.