भरता येणारा मराठी अर्ज आणि लिबरऑफिस रायटर: एका वसतिगृहाच्या ऑफिसातला अनुभव

मराठीत अर्ज हवा, तो पालकांना घरून भरता यायला हवा आणि त्यासाठी सॉफ्टवेअरवर खर्च करायचा नाही, अशी ज्यांची गरज असेल त्यांनी लिबरऑफिस रायटर हे वर्डसारखं फुकट सॉफ्टवेअर वापरावं, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात देवनागरीची एक मोठी अडचण आहे. तिच्याबद्दल खाली सविस्तर लिहिते, कारण ती आधी माहीत नसली की अर्ज गावोगाव जातो आणि घोळ मग कळतो.

नागपुरात प्रतापनगरच्या बाजूला मुलींच्या एका खाजगी वसतिगृहाचं ऑफिस मी सांभाळते. मुली अहेरी, साकोली, पुसद, हिंगणघाट अशा ठिकाणांहून येतात. दहावी-बारावीचे निकाल लागले की फोन सुरू होतात. "मॅडम, फॉर्म मोबाइलवरच टाकून द्या नं, एका फॉर्मसाठी नागपूरचं येणं-जाणं पुरत नाही बाप्पा." त्यांचं खरंच आहे. कोणाची मजुरी बुडते, कोणाला दोन एसट्या बदलाव्या लागतात. पूर्वी आम्ही छापील अर्जाचा फोटो पाठवायचो. पालक त्याची प्रिंट काढून पेनाने भरायचे आणि परत फोटो काढून पाठवायचे. त्या फोटोत आधारचा आकडा १ आहे की ७, हे ओळखण्यात आमची दुपार जायची. मोबाइल नंबरातला एक आकडा चुकला, तर मुलगी तापाने फणफणत असताना घरच्यांना फोन लागत नाही. म्हणून मला स्वच्छ टाइप केलेला अर्ज हवाच होता.

गूगल फॉर्म का नाही, असं बरेच जण विचारतात. आम्हाला कागद लागतो. पालकाची सही, स्थानिक पालकाची सही आणि नियम मान्य असल्याचं हमीपत्र फाइलला लावावं लागतं. शिवाय नेट गेलं तरी पीडीएफ भरता येते, आणि मुलींचे आधार नंबर नि पत्ते कोणत्या तरी ऑनलाइन तक्त्यात पडून राहू नयेत असं मला मनापासून वाटतं.

ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर एमएस वर्ड आहे. वर्डच्या डेव्हलपर टॅबमधून भरायच्या जागा टाकता येतात. पण तीच फाइल पीडीएफ म्हणून सेव्ह केली की त्या जागा निर्जीव होतात, नुसतं चित्र उरतं. वर्डच्या पीडीएफमध्ये रकाने जिवंत करायचे तर ॲडोबी ॲक्रोबॅटची पैसे भरून घ्यायची आवृत्ती किंवा तसंच दुसरं काही लागतं. रायटर हे काम स्वतःच करतो. रायटर ज्याचा भाग आहे ते लिबरऑफिस २०१० मध्ये ओपनऑफिस या तशाच फुकट सॉफ्टवेअरमधून वेगळं झालं. बर्लिनची द डॉक्युमेंट फाउंडेशन ही संस्था ते चालवते, आणि ते विंडोज, लिनक्स, मॅक सगळीकडे फुकट मिळतं.

पद्धत अशी. वर मेनूत 'फॉर्म' आहे, त्यात 'डिझाइन मोड' चालू करायचा. टेक्स्ट बॉक्स, चेक बॉक्स, ऑप्शन बटन (अनेकांतून एकच निवडायचं गोल बटन), लिस्ट बॉक्स (यादीतून निवडायची चौकट) यांतलं हवं ते उचलायचं आणि पानावर माउसने ओढून चौकट काढायची. चौकटीवर राइट क्लिक करून 'कंट्रोल प्रॉपर्टीज' उघडलं की खरं काम सुरू होतं. मोबाइलच्या रकान्याला 'मॅक्सिमम टेक्स्ट लेंग्थ' १० द्या, आधारला १२, पिनकोडला ६. मग जास्तीचा आकडा पडतच नाही. सगळं झालं की फाइल मेनूतून 'एक्सपोर्ट ॲज पीडीएफ' घ्यायचं आणि जनरल टॅबवर 'क्रिएट पीडीएफ फॉर्म'ला टिक आहे ना, हे पाहायचं. ओडीटी फाइल, म्हणजे रायटरची मूळ फाइल, मात्र जपून ठेवा. पुढच्या वर्षी मेसचा दर बदलला की दुरुस्ती तिच्यातच करायची असते, पीडीएफमध्ये नाही.

मांडणीसाठी आधी टेबल काढा आणि चौकटी टेबलच्या घरांत बसवून त्यांचा अँकर, म्हणजे चौकट कशाला बांधलेली राहील ती सेटिंग, 'ॲज कॅरेक्टर' (अक्षरासारखी ओळीतच) ठेवा. नाही तर वर एक ओळ वाढवली की खालच्या चौकटी आपल्या लेबलापासून सरकतात. ऑप्शन बटनांना एकच 'ग्रुप नेम' द्यावं लागतं, तेव्हा कुठे 'शाकाहारी' निवडल्यावर 'मांसाहारी'वरची खूण निघते.

मला सर्वांत आवडलेली सोय एक्सपोर्टच्या त्याच टॅबवर आहे: 'अलाउ डुप्लिकेट फील्ड नेम्स'. आमच्या अर्जात मुलीचं नाव पहिल्या पानावर, हमीपत्रात आणि मेसच्या कार्डावर येतं. 'कंट्रोल प्रॉपर्टीज'मध्ये तिन्ही चौकटींना एकच 'नेम' दिलं आणि ही टिक लावली, तर पहिल्या जागी लिहिलेलं मुलीचं नाव उरलेल्या दोन ठिकाणी आपोआप उतरतं. नावाच्या स्पेलिंगमधला फरक हे प्रवेशाच्या कागदांतलं जुनं दुखणं आहे. एका टिकने ते थांबतं, याचा मला खूप आनंद झाला.

आता देवनागरी. इथे छापील मजकूर आणि भरायचा मजकूर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे समजून घ्या. 'पालकाचे संपूर्ण नाव', 'हमीपत्र', 'राष्ट्रीयत्व' असा जो मजकूर आपण पानावर टाइप करतो, तो रायटर नीट जुळवतो आणि फॉन्टसकट पीडीएफमध्ये बसवतो. गोंदियातल्या कॉम्प्युटरवरही तो जसाच्या तसा दिसतो. चौकटीत नंतर भरलेली अक्षरं मात्र ज्या ॲपमध्ये पीडीएफ उघडली आहे, ते ॲप काढतं. सगळ्या ॲपना देवनागरी जुळवता येत नाही. एकात ठीक दिसलेलं नाव दुसऱ्यात उघडल्यावर पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे गेलेली असते, जोडाक्षरं फुटलेली असतात, काही ठिकाणी नुसते चौकोन येतात. 'क्षितिजा' नावाच्या मुलीचा अर्ज असा वाचायला मिळू नये, असं मला वाटतं.

म्हणून मी अर्जाची रचनाच त्याप्रमाणे केली. नाव इंग्रजी मोठ्या अक्षरांत, गुणपत्रिकेवर असतं तसंच भरायचं, अशी सूचना चौकटीच्या वर ठळक मराठीत छापली. त्याचा वेगळा फायदाही आहे, कारण कॉलेजच्या कागदांशी ते ताडून पाहता येतं. जन्मतारीख, नंबर, टक्के हे सगळे आकडे आहेत, तिथे अडचण येत नाही. उरलेलं जितकं होईल तितकं खुणेवर आणलं: शाकाहारी-मांसाहारी, अकरावी-बारावी-पदवी, चालू औषध आहे-नाही. जिल्ह्यासाठी मला आधी लिस्ट बॉक्स योग्य वाटत होता, पण यादीतल्या ओळीसुद्धा चौकटीतच दिसतात, म्हणजे तोच धोका. त्याऐवजी विदर्भाचे ११ जिल्हे टेबलमध्ये छापले आणि प्रत्येकाच्या शेजारी एक ऑप्शन बटन ठेवलं. बटनाचं स्वतःचं लेबल पुसायचं आणि जिल्ह्याचं नाव शेजारच्या घरात टाइप करायचं. बुलढाणा असो की गडचिरोली, अक्षर मोडत नाही. गाव आणि तालुका मात्र लिहावाच लागतो, तोही आम्ही इंग्रजीत मागतो. हे मला खटकतं. मराठी माणसाने मराठी अर्जात आपल्या गावाचं नाव मराठीत लिहावं आणि ते सगळीकडे नीट दिसावं, एवढी अपेक्षा रास्त आहे.

दुसरी अडचण मोबाइलची, आणि तिचा दोष रायटरला देता येत नाही. व्हॉट्सॲपमध्ये पीडीएफवर टिचकी मारली की अर्ज नुसता दिसतो, चौकटीत लिहिता येत नाही. ॲडोबीचं फुकट रीडर ॲप घेतलं तर भरता येतो, पण पाऊण पालकांना हे फोनवर समजावणं कठीण. म्हणून आम्ही अर्जाबरोबर मराठीत निरोप पाठवतो की गावच्या सेवा केंद्रात फाइल न्या. तिथल्या कॉम्प्युटरवर क्रोम असतोच आणि क्रोममध्ये अर्ज सरळ भरता येतो. डाउनलोड करताना बदलांसह की मूळ, असं क्रोम विचारतो. तेव्हा बदलांसह निवडायला सांगा. तिथेच प्रिंट निघते, पालक सही करतात, फोटो चिकटवतात. भरलेली फाइल आमच्या ईमेलवर येते आणि सहीचा कागद मुलगी येताना घेऊन येते. सहीची आणि फोटोची जागा मी मुद्दाम साधी छापील चौकट ठेवली आहे.

ज्यांच्या अर्जात हिशेब आहे त्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. रायटरमधून काढलेल्या पीडीएफमध्ये आकड्यांची बेरीज आपोआप होत नाही. एखाद्या पतसंस्थेचा कर्जअर्ज करायचा असेल तर दुसरं साधन शोधावं लागेल. आमच्याकडे भाडं, मेस आणि अनामत हे तिन्ही आकडे ठरलेले असतात. त्यामुळे दोघींच्या आणि तिघींच्या खोलीसाठी शुल्काचं पान वेगवेगळं केलं आणि एकूण रक्कम त्यावर छापूनच टाकली. पालकाला फोनवर फक्त विचारायचं, खोली कोणती हवी, आणि त्याप्रमाणे फाइल पाठवायची.