जुन्या दुनळीसाठी काळी दारू, शुल्त्से की बॅलिस्टाइट: चेंबरमधल्या दाबाचा आढावा

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये घडवलेली बारा बोअरची दुनळी वारशाने, रीतसर परवान्यासह हाती आली, की तिच्यात काळ्या दारूचे काडतूस घालावे की बिनधुराच्या, हा प्रश्न उभा राहतो. बरेच जण त्याचे उत्तर छऱ्यांच्या वेगात शोधतात. मला ती दिशाच चुकीची वाटते, कारण त्या काळच्या तिन्ही दारू (काळी, आणि बिनधुराच्या शुल्त्से व बॅलिस्टाइट) 1⅛ औंस छऱ्यांना जवळपास सारखाच वेग देत. फरक होता तो चेंबरमधल्या, म्हणजे नळीच्या ज्या मागच्या भागात काडतूस बसते त्यातल्या दाबात, आणि त्याहून अधिक, कोणती दारू भरणाऱ्याच्या किती चुका पोटात घालते यात.

काळ्या दारूचा नेहमीचा भार 3 ड्रॅम, म्हणजे सुमारे 82 ग्रेन. तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग वायू न होता धूर आणि काजळी होऊन उरतो, आणि दाब वाढला तरी तिचे जळणे फारसे भडकत नाही. भार थोडा इकडे-तिकडे झाला तरी नळी ते सोसते. मोबदल्यात पहिल्या बारानंतर समोर धुराचा पडदा येतो आणि नळी त्याच दिवशी धुतली नाही तर गंज धरते.

शुल्त्से या प्रशियन तोफखान्यातल्या अधिकाऱ्याने 1860 च्या दशकात लाकडाचे नायट्रीकरण करून जी दारू बनवली, ती पुढे इंग्लंडमध्ये न्यू फॉरेस्टातल्या आयवर्थ येथे तयार होऊ लागली. ही मापाची, म्हणजे मापट्याने भरायची दारू: काळ्या दारूचे 3 ड्रॅमचे मापटे तिने भरले, की वजन भरे अवघे 42 ग्रेन आणि काम तेवढेच होई. मात्र तिचा काळ्या दारूपेक्षा बराच मोठा भाग वायूत बदलतो, आणि दाब चढला की जळण्याचा वेगही चढतो. त्यामुळे जोरदार टोपी (दारू पेटवणारी काडतुसाच्या बुडाची), काडतुसाचे घट्ट वळवलेले तोंड किंवा दाण्यांचा झालेला चुरा, यांपैकी काहीही दाब वर नेते. शिवाय ती हवेतला ओलावा शोषते. पावसाळ्यात मंदावते आणि कोरड्या उन्हाळ्यात तापट होते, हे आपल्या हवेत विशेष लक्षात ठेवावे.

आल्फ्रेड नोबेलची 1887 ची बॅलिस्टाइट नायट्रोसेल्युलोज आणि नायट्रोग्लिसरीन यांची घट्ट, ओलाव्याला दाद न देणारी दारू आहे. साठवणुकीत ती शुल्त्सेपेक्षा निश्चित सरस ठरते. पण ती वजनाची, म्हणजे तोलून भरायची दारू. काळ्या दारूचे तेच मापटे सवयीने बॅलिस्टाइटने भरले, तर भार मर्यादेच्या कितीतरी पलीकडे जातो आणि नळी फुटते. येथे चुकीला क्षमा नाही.

आकडे ताडून पाहताना एक गफलत वारंवार होते. ब्रिटिश दुनळ्यांवर 1954 च्या चाचणी-नियमांपासून 3 टन असा दाबाचा शिक्का दिसतो. तो दर चौरस इंचाला 6,720 पौंड होतो, तर आजच्या अमेरिकी बारा बोअर काडतुसाची कमाल मर्यादा 11,500 आहे. पहिला आकडा शिशाचा तुकडा किती चेपला यावरून काढलेला, दुसरा विद्युत संवेदकाचा. क्षणभराच्या दाबात शिसे पुरते चेपले जात नाही आणि मोजमाप कमी येते, म्हणून खरे अंतर आकड्यांत दिसते त्याहून कमी आहे. तरीही ते अंतर आहेच.

माझा कौल असा. नळ्या उतरवून त्यांच्या सपाट तळाचे शिक्के भिंगाखाली पाहावेत. बिनधुराच्या दारूची चाचणी 1896 च्या नियमांनी आली. तसा शिक्का नसेल तर नळी पोलादाची असली तरी काळी दारूच. शिक्का असेल, तर दमास्कस नळीही (लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून घडवलेली) आपोआप बाद होत नाही. मात्र जाणत्या कारागिराकडून भिंतीची जाडी आणि आतला व्यास मोजून घ्यावा, कारण गंज घासून काढताना नळी शिक्क्यानंतरही पातळ झालेली असू शकते. त्यानंतर जुन्या बंदुकांसाठीच बनवलेले कमी दाबाचे आधुनिक काडतूस निवडावे. शुल्त्से वा बॅलिस्टाइटची शिल्लक कागदी काडतुसे संग्रहातच राहू द्यावीत. काडतुसाची लांबीही पाहावी: अशा बहुतेक दुनळ्यांचे चेंबर 2½ इंचाचे असते, आणि त्यात 2¾ इंचाचे काडतूस बसले तरी बाराच्या वेळी त्याचे तोंड पुढच्या अरुंद भागात उघडते आणि दाब वाढतो.