म्यूटर म्युझियम, फिलाडेल्फिया : लिबर्टी बेल झाली की इकडे वळा

जर्सीला मुलांकडे आलेले आपले लोक फिलाडेल्फियाला जातात, लिबर्टी बेलसमोर फोटो काढतात आणि संध्याकाळी परत. अहो तिथंच बावीसाव्या स्ट्रीटवर म्यूटर म्युझियम आहे, १८६३ चं, हाडं, कवट्या, बरण्यांतले अवयव असलं सगळं. भुताटकी टाइप मजा हवी असेल तर मात्र पैसे घालवू नका, इथं भीती कमी आणि वाईटच जास्त वाटतं.

कवट्यांची भिंतच घ्या ना. १३९ आहेत, व्हिएन्नाच्या हिर्टल नावाच्या डॉक्टरने जमवलेल्या, कारण तेव्हा कवटीच्या आकारावरून माणसाची अक्कल ठरवायचं फॅड होतं आणि त्याला ते खोटं पाडायचं होतं. कवटीवरच लिहिलंय कोण, कुठला, काय करायचा, कशाने गेला. एक जण दोरीवरून चालणारा, मान मोडून गेलेला.

हॅरी ईस्टलॅकच्या सांगाड्यापुढे मी बराच वेळ उभी होते. त्याला असा आजार की स्नायूंचंच हाड होत जातं, पाठीवर मेण ओघळून थिजल्यासारखी हाडं दिसतात. १९७३ ला गेला, चाळिशीही नाही गाठली, शेवटी फक्त ओठ हलायचे म्हणे, आणि सांगाडा त्याने स्वतःच देऊन टाकलेला. शेजारी कॅरल ऑर्झेल, तोच आजार, २०१८ ला गेली, सोबत तिचे दागिनेही मांडलेत कारण तिची तशी अटच होती!! बाईंना मानलं.

साबण झालेली बाई (म्हणजे अंगातल्या चरबीचा साबणासारखा पदार्थ झालेलं प्रेत) वगैरे बघून घ्या, पण खरा माल शेवालिए जॅक्सन या घशाच्या डॉक्टरच्या ड्रॉवरमध्ये. लोकांच्या घशातून, फुफ्फुसातून काढलेल्या २,३७४ वस्तू, बटणं, सेफ्टी पिना, नाणी, खेळण्यांचे तुकडे, सगळं ओळीनं लावलेलं. काढायची अवजारं पण ह्यानेच बनवलेली. आणि नुसतं काढत बसला नाही, पोरं घरातलं कॉस्टिक (सफाईचं, घसा जाळणारं रसायन) पितात म्हणून डब्यावर विषाचं लेबल लावायचा कायदा व्हावा यासाठी मागे लागला, १९२७ ला तो झाला. घरात रांगतं पोर असेल तर हे ड्रॉवर बघून आल्यावर तुम्ही आधी जमिनीवरची बटणं शोधाल, लिहून देते.

आत फोटो काढू देत नाहीत. दीड-दोन तास पुरतात. जेवण आधीच उरकून घ्या, नंतर जाईल याची गॅरंटी नाही.