गाण्यांचा संग्रह ठेवायचा कशात: फ्लॅक की एमपीथ्री?

सीडीवरचं चार मिनिटांचं गाणं जसंच्या तसं ठेवलं तर साधारण ४० एमबी जागा खातं. फ्लॅक या फाइल-प्रकारात तेच बहुधा २०-३० एमबीत बसतं, तर ३२० केबीपीएसच्या (सेकंदाला ३२० किलोबिट) एमपीथ्रीत १० एमबीच्या आत. नुसती जागा पाहिली तर एमपीथ्री सरस. तरीही साठवणीसाठी मी फ्लॅकच धरतो.

एमपीथ्री कानाला जाणवणार नाही असा भाग गाळून टाकतं, आणि तो पुन्हा मिळत नाही. फ्लॅक फक्त घडी घालतं. उलगडलं की मूळ आवाज बिट न बिट परत. उद्या फोनसाठी छोटी फाइल हवी झाली, तर फ्लॅकवरून ओपस, एएसी अशा छोट्या फाइल-प्रकारांत काहीही करा. एमपीथ्रीवरून तेच केलं की गाळलेलं पुन्हा गाळलं जातं. कमी बिटरेटला (सेकंदाला कमी किलोबिट) टाळ्यांचा कडकडाट आणि झांजांची किणकिण कशी पाणचट होते, ते ऐकून पाहा.

शिवाय फ्लॅक फाइलच्या सुरुवातीलाच मूळ आवाजाचा एमडी५ ठसा (त्या आवाजाच्या डेटावरून काढलेली छोटी ओळख-संख्या) साठवलेला असतो. जुन्या डिस्कवरची फाइल बिघडली का, हे एका कमांडने तपासता येतं. संग्रह वर्षानुवर्षं जपायचा तर ही सोय मला सर्वांत मोलाची वाटते.

एमपीथ्रीची बाजू? ते कुठेही वाजतं, गाडीतल्या जुन्या प्लेयरवरही. ३२० वर बहुतेकांना फरक ओळखू येत नाही, मलाही नाही. मात्र जवळच्या एमपीथ्री फाइली फ्लॅकमध्ये बदलू नका. फाइल फुगते, गेलेला आवाज परत येत नाही.