उघडं कपाट की काउंटरमागचं?

रत्नागिरीसारख्या गावात कॉलेजच्या ग्रंथालयात लैंगिक दृश्यं असलेले चित्रपट अभ्यासासाठी ठेवायचे, तर दोन वाटा दिसतात.

उघड्या कपाटात ठेवले की विद्यार्थी न विचारता उचलतो. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी 1931 मध्ये सांगितलेलं ‘पुस्तकं वापरासाठी असतात’ हे सूत्र इथे खरं ठरतं. पण आपल्याकडे अकरावी-बारावीची मुलं त्याच वाचनकक्षात बसतात, आणि ‘ए’ प्रमाणपत्राचा चित्रपट अठरा वर्षांखालच्यांना दाखवता येत नाही. माझ्या मते हा मुद्दा निर्णायक आहे.

काउंटरमागच्या कपाटाला वयाची अडचण नाही, कारण ग्रंथपाल वय पाहूनच चित्रपट देतो. तिथली भीती वेगळी: मागायची लाज. मुलगी काउंटरवर चित्रपटाचं नाव उच्चारते, आणि गाव लहान असतं! म्हणून कॅटलॉगमध्ये नोंद पूर्ण हवी आणि मागणी नावाने नाही, क्रमांकाच्या चिठ्ठीवर घ्यावी. ‘कशाला हवाय?’ हा प्रश्न ग्रंथपालाने विचारूच नये.

अश्लीलतेच्या कायद्यात कला आणि ज्ञानासाठी अपवाद आहे, म्हणून नुसत्या धास्तीने चित्रपट काढून टाकू नयेत. मी काउंटरमागचं कपाट निवडेन, पण यादी सर्वांसमोर ठेवून.